उतरताना मुलीकडचा पाय

विहीणबाई,

काल तुमचं तेरावं झालं. वडे झाले, काळ्या वाटाण्यांची उसळ झाली, खीर झाली. तुमची सून, म्हणजे माझी मेघना, दर चार पानांनी आत येऊन मलाच विचारत होती, “आई, आता आधी कोणाला वाढू?” मला काय माहीत! कोणाचा मान पहिला, कोणाला नुसतं ‘घ्या’ म्हटलं की पुरतं आणि कोणाला हात धरून आग्रह करावा लागतो, हे सगळं तुमच्याकडे असायचं. आम्ही दोघी मायलेकी आपल्या पातेल्यात डाव घालून उभ्या. शेवटी तुमचा संदेश वैतागून म्हणाला, “वाढा हो कोणालाही, आई काय बघायला येणारेय?” आणि म्हणता म्हणता तोंड फिरवून गॅलरीत गेला. रडायला आलं की त्याला बाहेर काहीतरी काम आठवतं.

मी हे लिहायला का बसले ते आधीच सांगते. आपला एक वाद अर्धा राहिलाय. दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यावर रुसलात आणि पाच दिवस आला नाहीत, ते खरं होतं की नाटक? मी म्हणायची खरं. तुम्ही म्हणायचात नाटक. जेवताना, बाजारात, बसची वाट बघताना, कितीदा तरी आपण यावरून भांडलो आणि हसलो. काल मला त्याचं उत्तर मिळालं. ते तुम्हाला सांगायचंय, आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हाच सांगायला हवी होती.

पण तिथपर्यंत यायला मला वेळ लागेल. जिना उतरायला लागला होता तसा.

मेघनाने अकरा वर्षांपूर्वी नायगावच्या बीडीडी चाळीतला मुलगा पसंत केला तेव्हा माझं तोंड वाकडं झालं होतं. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. मी प्रभादेवीची, तीस वर्षं ऑफिसात कारकुनी केलेली, पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवणारी. तुमचे मालक, संदेशचे वडील, गिरणीत. गिरणी गेली तेव्हा तुम्ही परळच्या हॉस्पिटलात आया म्हणून लागलात आणि हाडांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलीत. मी तुम्हाला पहिल्याच भेटीत म्हणाले, “आम्ही मानपान वगैरे मानत नाही हं. रजिस्टर लग्न करू.” बोलायला किती पुढारलेलं! खरी गोष्ट अशी की वरमाई म्हणून तुमच्यापुढे वाकायची माझी तयारी नव्हती. तुम्ही फक्त “बरा” म्हणालात आणि लाडवाचा डबा माझ्याकडे सरकवलात. पुढची आठ-नऊ वर्षं आपण दिवाळीला आणि हळदीकुंकवाला भेटत होतो, हवापाण्याचं बोलत होतो, आणि आपापल्या घरी जात होतो.

मग मी पडले. आमच्याच जिन्यावर, एका हातात भाजीची पिशवी, शेवटून दुसरी पायरी. पाय कुठे पडला कळलंच नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि पंधरा दिवसांनी बिल्डिंगमधल्या चौघांनी खुर्चीत बसवून मला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. लिफ्ट नाही. मी मनात ठरवून टाकलं, आता खाली जायचं ते एकदाच, आणि तेव्हाही चौघंच नेतील.

फिजिओची मुलगी यायची आठवड्यातून दोनदा. गोड मुलगी, पण मला ‘आजी’ म्हणायची, ते मला आवडायचं नाही. तिने चित्रांचा कागद फ्रिजवर लावून दिला. खुर्चीवरून उठा, बसा, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचला, दहा वेळा. पाय बाजूला, दहा वेळा. खाली महिन्याचे चौकोन, रोज टिक करायची. पहिला आठवडा मी केलं. दुसऱ्या आठवड्यात दुखलं. तिसऱ्यात कंटाळा आला. चौथ्यात मी काय केलं ते तुम्हीच पकडलंत.

मेघना कांजूरमार्गला राहते, नोकरी करते, तिला रोज येणं शक्य नव्हतं. तिने तुमच्याकडे रड घातली असणार. एक दिवस सकाळी सात-दहाला बेल वाजली. मी वॉकर धरून, गाऊनवर टॉवेल टाकून दार उघडलं तर तुम्ही. तीन जिने चढून आलेल्या, कपाळावर घाम, हातात कापडी पिशवी. आत आलात, फ्रिजपाशी गेलात, कागद बघितलात. सत्तावीस दिवस, सत्तावीस टिका, एकही चुकलेली नाही. तुम्ही चष्मा वर केलात, खाली केलात, आणि म्हणालात, “ह्यो सगळ्यो एकाच टायमाक मारलास मां?”

एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात. तीस वर्षं ऑफिसात काढलेली बाई, रविवारी बसून सबंध आठवड्याचं मस्टर भरून टाकत होते! मेघनाला फसवलं, त्या पोरीला फसवलं, आणि हॉस्पिटलातल्या आयेपुढे मात्र उघडी पडले. मला इतका राग आला. तुमचा नाही, माझाच, पण काढला तुमच्यावर. “मला दुखतं,” मी म्हणाले. “आणि मला कुठे जायचंय आता चालून?”

ती फिजिओची मुलगी कागदावर ‘ध्येय’ लिहून त्यापुढे ‘स्वतंत्रपणे चालणे’ असं लिहून गेली होती. तुम्ही ते वाचलंसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत, “खय जावचा आसा तुमका?”

“कुठेच नाही.”

“मगे पाय कित्याक चलतले?”

आणि लगेच चहा मागितलात. विहीण घरी आलेली, तिला बस म्हणून आपण खुर्चीत कसं बसायचं? मी उठले. ओट्याशी उभी राहून चहा केला, चाळणी शोधायला वाकले, कप घ्यायला टाचा उचलल्या. मागून तुमचा आवाज येत होता, “एक झाला. दोन झाले.” पार शेवटी मला कळलं की तुम्ही मोजताय. चहा पिताना न राहवून माझ्याच तोंडून निघालं की खालची माणसं आणून देतात ते पापलेट शिळं असतं, मला माझ्या हाताने मासळी निवडायचीय. तुमचे डोळे असे चमकले! “हां,” म्हणालात, “ह्या बोला.”

दुसऱ्या दिवशी सात-दहाला बेल. तिसऱ्या दिवशी बेल. मी म्हटलं, “अहो विहीणबाई, रोज कशाला त्रास?” तेव्हा तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, पदर खोचलात, आणि मला जे ऐकवलंत ते मी जन्मात विसरणार नाही. “लगनात तुम्ही म्हणालात मानपान नको. मी आयकलंय. आता माका माझो मान होयो. मी मुलाकडची. मी उभी आसय आणि तुम्ही बसान? असा चलाचा नाय.”

दुसरं कोणी ‘उठा’ म्हटलं असतं तर मी दुखण्याचं कारण सांगितलं असतं. डॉक्टरला सांगितलं, मुलीला सांगितलं. पण दारात वरमाई उभी आहे, घामाघूम होऊन आलीय, आणि आपण गाऊनमध्ये लोळतोय, हे माझ्या रक्तात बसेना. मी साडेसहाला उठायला लागले. साडी नेसायला लागले. केस विंचरून, चहाचं आधण टाकून, सात वाजून पाच मिनिटांनी दाराशी उभी. फिजिओच्या मुलीने एक दिवस विचारलं, “आजी, मोटिव्हेशन काय तुमचं?” मी म्हटलं, “मोटिव्हेशन कसलं, विहीण येते.” तिला वाटलं मी गंमत करतेय.

आणि तुम्ही तरी साध्या होतात होय! मंगळवारी सिद्धिविनायकाच्या गर्दीत बस अडकली की अर्ध्यात उतरून चालत यायचात, पण यायचात. गणपतीत सुट्टी नाही, पितृपक्षात नाही. “आज एकादशी, आज नको,” मी म्हटलं की “एकादशीक पाय उपाशी रवतत काय?” दहाचे अकरा, अकराचे बारा, एक एक करून कधी वाढवलेत मला पत्ता लागू दिला नाहीत. “दुखतंय का?” हे कधी विचारलं नाहीत. मी कण्हले की तुम्ही तुमच्या वॉर्डातली गोष्ट सुरू करायचात. एका म्हाताऱ्याने उठायचं नाही म्हणून खाटेला मिठी मारली होती ती, एक आजी रोज लिपस्टिक लावल्याशिवाय वॉकर धरायची नाही ती. गोष्ट संपेपर्यंत माझं उठणं-बसणं झालेलं असायचं. एकदाच तुम्ही गंभीर झालात. “जो पडान रवलो, तो गेलो. बावीस वर्सां बघलंय, विहीणबाय. तुमका मी पडान रवाक दिवचंय नाय.” मी तेव्हा मान खाली घालून टाचा उचलत राहिले. मला तेव्हा तुमचा हात धरावासा वाटला होता. धरला नाही.

तुम्ही स्वतःही माझ्यासमोर उभं राहून सगळं करायचात. “माका काय, मी आपली तुमच्या सोबतीक,” म्हणायचात, पण दोन महिन्यांत तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला होता आणि ते तुम्ही संदेशला सांगितलं होतंत. मेघनाने मला सांगितलं. अहो, आपल्याकडे एवढ्याशा गोष्टीही फिरून फिरून येतात.

मग जिन्याची वेळ आली. घरात मी काठीवर चालत होते, ओट्याशी पाऊण तास उभी राहत होते, पण उंबऱ्याच्या बाहेर पाऊल नाही. फिजिओच्या मुलीने शिकवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मी दर वेळी उलटं करायची. तुम्ही म्हणालात, सोपा आसा. चांगलो पाय मुलाकडचो, दुखरो मुलीकडचो. “चढताना मुलाकडचो पाय आधी, मान तेचो. उतरताना मुलीकडचो.”

“म्हणजे मुलीकडचा तेवढा लंगडा!” मी भडकले.

“लंगडो कसलो? पुढे होवन करता कोण? मुलीकडचेच ना?” आणि खो खो हसलात. मीही हसले. पण उतरले नाही. तीन आठवडे हेच. तुम्ही दार उघडायचात, मी काठी घट्ट धरून आत. मला त्या शेवटच्या दोन पायऱ्या दिसायच्या, भाजी सांडलेली दिसायची. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी म्हणायची, आज पाय जड आहेत, आज पंखा दुरुस्त करायला माणूस येणारेय. भीती वाटते एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते तर पुढचं काही झालं नसतं.

त्या दिवशी तुम्ही दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहिलात, वर बघून हात पुढे केलात आणि म्हणालात, “येवा. मी आसय.” समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडं होतं, तिथली मुलगी बघत होती. मी एक पाऊल मागे घेतलं. आणि मी बोलले. काय बोलले ते आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. “हा तुमचा वॉर्ड नाही आणि मी तुमची पेशंट नाही. आयुष्यभर लोकांच्या खाटेखालची भांडी उचलून कोणी डॉक्टर होत नाही.”

तुमचा हात तसाच पुढे होता. मग तुम्ही तो पदराला पुसलात, का कोण जाणे, ओला नव्हता. आत आलात, पिशवी घेतलीत, चपला घातल्यात. जाताना म्हणालात, “गॅस बारीक करा. चाय उतू जायत.” आणि गेलात. मी जिन्यावरच्या तुमच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सात-दहा झाले, बेल नाही. मी मनाशी म्हटलं, सुटले बाई. साडी नेसून बसले होते, ती सोडून गाऊन घातला. तिसऱ्या दिवशी मेघनाचा फोन. तुम्ही तिला सांगितलं होतंत की गुडघा दुखतोय. माझं नावही घेतलं नव्हतंत. ते ऐकून मला जास्तच लागलं. चौथ्या दिवशी खुर्चीवरून उठताना सहाव्या वेळी दम लागला. पाचव्या दिवशी मी उठलेच नाही. पडून राहिले आणि छताकडे बघताना माझ्या लक्षात आलं, पडून राहणं किती सोपं आहे. एकदम घाबरले. आणि तुमच्या आठवणीने रडले, हे आता सांगायला हरकत नाही.

वरमाई रुसली की मुलीकडच्यांनी जायचं असतं, समजूत काढायची असते. मानपान न मानणाऱ्या मला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. सहाव्या दिवशी मी चांगली साडी नेसले. घरातला नारळ घेतला, कपाटातला खण घेतला. दाराला कुलूप लावलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. अठ्ठावन्न पायऱ्या. मुलीकडचा पाय आधी, मग काठी सावरत मुलाकडचा. दर पायरीला मोठ्याने म्हणत होते. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस म्हणाला, “मावशी, कोणाशी बोलताय?” त्याला म्हटलं, तू जा रे बाबा. शेवटच्या दोन पायऱ्यांवर मी कठड्याला कवटाळून इतका वेळ उभी होते की खालचा वॉचमन धावत आला. “हात लावू नकोस,” मी ओरडले. “मी माझी उतरणारेय.” उतरले. अर्धा तास लागला. टॅक्सीत बसले आणि नायगावपर्यंत एकच वाक्य घोकत होते. विहीणबाई, मी चुकले, मला माफ करा. सारखं तेच. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

चाळ तेव्हाच अर्धी रिकामी झाली होती, खोल्यांना कुलपं. पहिला मजला. चढताना मुलाकडचा. तुम्ही दारात पाटावर बसून सुकट निवडत होतात. वर बघितलंत. आधी माझ्या पायांकडे, मग काठीकडे, मग नारळाकडे, मग माझ्या तोंडाकडे. माझे ओठ हलायला लागले होते. ते वाक्य जिभेवर आलं होतं, आणि त्याआधी रडू. आणि तुम्ही मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत आणि विचारलंत, “जिनो उतराक किती येळ लागलो?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे काय! सांगान काय तुम्ही उतरतलात? म्हणान रुसलंय. वरमाय रुसली की मुलीकडच्यांका येवचाच लागता.”

“नाटक?” मी किंचाळले.

“मगे? पाच दिस वाट बघतंय. म्हटलंय, ही बाय येतली कधी?”

मी तुम्हाला काय काय बोलले! ढोंगी, लबाड, सोंगाडी. तुम्ही हसत होतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसायला लागले आणि त्या हसण्यात माझं वाक्य गिळलं गेलं. सुटल्यासारखं झालं मला, खोटं कशाला बोलू. नाटकच होतं ना, मग माफी कशाची? तुम्ही मला पाटावर न बसवता खुर्ची दिलीत, बांगड्याचं तिखलं वाढलंत. दुपारी तुम्हीच टॅक्सीतून सोडायला आलात आणि माझ्यामागून एक एक पायरी वर चढलात. दुसऱ्या दिवशी सात-दहाला बेल.

त्यानंतरची दोन वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली, विहीणबाई. बाई पासष्टी उलटल्यावर मैत्रीण मिळवते, हे कोणाला सांगून खरं वाटेल? आपण मासळीबाजारात गेलो. तुम्ही पापलेटाचे कल्ले उघडून बघायचात आणि मी भाव करायची, कारण तुम्हाला कोळणींशी भांडवत नाही आणि मला भांडल्याशिवाय करमत नाही. चौपाटीवर बसून आपण टाचा उचलायचो आणि पोरं हसायची. तुमच्या नव्या टॉवरमधली जागा बाविसाव्या मजल्यावर मिळाली तर काय, यावर किती बोललो. “लिफ्ट बंद पडली तर तुम्ही याची नाय,” तुम्ही म्हणायचात. मी म्हणायची, “येईन. दोन दिवस लागतील, डबा घेऊन येईन.” आणि मधूनच मी टोचायची, “खरं सांगा, त्या वेळी रुसला होतात ना?” “नाटक होता ता. किती येळा सांगू?”

आणि मग त्या दिवशी दुपारी जेवून जरा आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. तुम्ही! पडून राहू नका म्हणून मला बावीस वर्षांच्या गोष्टी सांगणाऱ्या तुम्ही. मला पहिला राग आला तो याचा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. मी मेघनाला विचारलं, “माझ्या जिन्यांनी झालं का गं?” ती म्हणाली, “आई, त्या जिन्यांनीच त्या इतकी वर्षं धडधाकट होत्या.” ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, मला कळत नाही. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

काल पाहुणे गेल्यावर मी आणि संदेश तुमच्या साड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. मेघना खाली भांडी देऊन येत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तो मला काकूच म्हणतो. घडी घालता घालता म्हणाला, “काकू, एक विचारू? दोन वर्षांपूर्वी आईचं काहीतरी बिनसलं होतं. मी सहज आलो तर चूल थंड. दोन दिवस जेवली नव्हती. मी ओरडलो तर रडायला लागली. मी आईला गिरणी बंद झाली तेव्हासुद्धा रडताना बघितलं नव्हतं. नुसतं एकच म्हणत होती, ‘मी आयाच ना रे शेवटाक.’ कोण बोललं म्हणून विचारलं तर म्हणाली, टीव्हीवर कायतरी बघलंय. मला अजून डोक्यात आहे, काकू. तुम्हाला ती सगळं सांगायची. कोण बोललं होतं तिला?”

तुमची ती जांभळी साडी माझ्या मांडीवर होती. विहीणबाई, मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या मनात आलं, ‘मला नाही माहीत बाबा’ म्हणावं. आत्ताच तर त्याची आई गेली. मेघनाचा संसार. जावयासमोर या वयात खाली मान. आणि माहीत कोणाला होतं? तुम्हाला आणि मला, दोघींनाच, आणि तुम्ही तर माझ्या वाटचंही झाकून गेला होतात. दारात मला काठीवर घामाघूम बघितलंत, माझे ओठ हलताना बघितलेत, आणि तेवढ्या दोन श्वासांत घड्याळाकडे बघून नाटक रचलंत. रुसवा खरा होता. नाटक ते होतं.

मी म्हणाले, “मी बोलले होते. मीच.”

संदेशच्या हातातली घडी तशीच राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं, तो शब्दसुद्धा, भांड्यांचा. तो उठला, गॅलरीत गेला. मी तिथेच बसून राहिले. उठून जायला पाय चालत होते, पण ते तुम्ही चालते केलेले, म्हणून तर जाता येईना. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, “मग तिची माफी मागितलीत?”

“नाही रे. मागायला गेले होते. तिने मागू दिली नाही.”

तो खाली बसला. साडीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली, आणि आम्ही घडी पुरी केली. निघताना म्हणाला, “काकू, खाली टॅक्सीपर्यंत येतो.” जिन्यावर माझ्या पुढे दोन पायऱ्या उतरून तो थांबत होता. हात पुढे केला नाही. मी मागितलाही नाही. पण थांबत होता.

आज सकाळी साडेसहाला उठले. बारा वेळा उठले-बसले, बारा वेळा टाचा उचलल्या. रडत रडत केलं, पण केलं. मानासाठी नाही, कोणी येणार नव्हतं. तुम्ही जे उभं करून गेलात ते मी पाडायचं नाही, एवढंच मला समजतं. तुम्ही मला दोन वर्षं रोज उभं केलंत आणि मी तुमचा अपमान केला होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही घेऊनच मला आता चालायचंय.

विहीणबाई, मी चुकले. तुम्ही आया होतात म्हणून मी आज उभी आहे, आणि तेच मी तुमच्या तोंडावर फेकलं. मला माफ करा. आणि या वेळी नाटक होतं असं म्हणू नका.